आईच्या दुधाची पेढी

अंबाडीच्या नाक्यावरून भिवंडी, वाडा आणि वज्रेश्वरी अशा वाटा फुटतात, आणि पोटामागे निघालेली माणसे त्या साऱ्या वाटांनी जातात. वीटभट्टीवरील कामगारांत हिंडताना आम्ही एक प्रसंग पाहिला. एक बाई सातव्या महिन्यातच बाळंत झाली. तो मूठभर जीव शहरातल्या इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवावा लागला. आठवडा उलटला नाही तोच मुकादम उचलीचा हिशोब घेऊन आला आणि बाई भट्टीवर परतली. मूल अनोळखी बायांच्या दुधावर तगले. आईचा पान्हा मात्र आटला. ते दूध आले कोठून, हे शोधताना जो इतिहास आम्हांला कळला, तो येथे सांगतो.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. विचारून आणि वाचून जे समजले तेवढेच आमचे ज्ञान. सदतीस आठवडे भरण्याआधी जन्मते ते अपुऱ्या दिवसांचे मूल. चौतीस आठवड्यांच्या आतल्या मुलाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बहुधा साधत नाही. म्हणून आईचे दूध हाताने काढून नळीने, पुढे वाटीचमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे लागते. वरच्या दुधावरील अशा मुलांत आतड्याचा जीवघेणा आजार अधिक होतो; पहिल्या दिवसांचा चीक तर त्यांचे कवचच होय.

हे ओळखून व्हिएन्ना शहरात १९०९ साली पहिली दुग्धपेढी निघाली. आपल्याकडे ते काम केले मुंबई महापालिकेच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाने. १९४७ साली लष्करी बराकींत सुरू झालेले, धारावीच्या कष्टकऱ्यांचे हे इस्पितळ. तेथील डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी बाटली आणि वरचे दूध दूर सारून आईच्या दुधाचा आग्रह धरला, आयांनाच मुलांच्या शुश्रूषेत घेतले, आणि १९८९ साली आशियातील पहिली दुग्धपेढी उभारली. ज्या बाळंतिणीला आपल्या मुलाचे भागून दूध उरते, ती स्वखुशीने देते. तिचे रक्त तपासतात, दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून गोठवून ठेवतात. ठेव ठेवणाऱ्या बहुतेक गरीबच. दाम कोणी मागत नाही.

तथापि पेढीचे दूध दुसऱ्या क्रमांकाचे, कारण तापविल्याने त्याचे काही गुण उणावतात. पहिला मान आईच्या दुधाचा. आणि दिवसरात्र आठ-दहा वेळा काढले तरच ते टिकते. त्यासाठी आई मुलाजवळ हवी. म्हणजे प्रश्न अखेर रजेचा आणि मजुरीचा ठरतो.

हा लढाही जुना आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी प्रसूतिभत्त्याच्या विधेयकास पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला. १९६१ साली देशव्यापी कायदा आला, आणि २०१७ साली पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली. परंतु भट्टीवर जोडप्याची मजुरी नवऱ्याच्या नावे मांडतात. बाईचे नाव हजेरीपटावर चढतच नाही. मग रजा मागायची कोणी आणि कोणाकडे?

म्हणून आमचे मागणे एवढेच, की तिचे नाव पटावर लागावे, मूल इस्पितळात असेतो तिची मजुरी चालू राहावी, उचलीचा तगादा थांबावा, आणि मुलाजवळ तिला बसायला जागा व दोन वेळचे जेवण मिळावे. दूध साठवण्याची विद्या शीवच्या लोकांनी दाखवून दिली आहे. आईला तिच्या मुलाजवळ राहू देण्याचे काम आपल्याकडे उरले आहे.