लवचीक इलेक्ट्रॉनिकीचे रोल-टू-रोल मुद्रण

लवचीक इलेक्ट्रॉनिकीचे रोल-टू-रोल मुद्रण म्हणजे प्लॅस्टिकची फिल्म, धातूचा पातळ पत्रा किंवा कागद यांच्या लांबलचक गुंडाळीवर विद्युत परिपथ, संवेदक, सौरघट अथवा प्रकाशीय रचना अखंडपणे छापण्याची निर्मितीपद्धत होय. यंत्राच्या एका टोकाला गुंडाळी उलगडत जाते, मधल्या टप्प्यांत तिच्यावर एकेक थर चढतो व सुकतो आणि दुसऱ्या टोकाला तयार माल पुन्हा गुंडाळला जातो. मूळ कल्पना वृत्तपत्राच्या रोटरी छपाईचीच आहे. मात्र वृत्तपत्रात एखादे अक्षर पुसट उमटले तरी वाक्य वाचता येते. परिपथातील एक रेषा तुटली तर तो परिपथ निकामी होतो. या पद्धतीच्या बहुतेक अडचणींचे मूळ या फरकात आहे.

पार्श्वभूमी

अखंड कागदाच्या गुंडाळीवर छापणारे रोटरी यंत्र अमेरिकेतील विल्यम बुलक यांनी १८६० च्या दशकात तयार केले. छायाचित्रणाची फिल्म, चुंबकीय फीत आणि खाद्यपदार्थांची वेष्टने यांच्या कारखान्यांनी पुढे चालत्या पट्टीवर अत्यंत पातळ व एकसारखा थर देण्याचे तंत्र विकसित केले. इलेक्ट्रॉनिकीकडे वळताना ही यंत्रसामग्री आयतीच मिळाली. उणीव होती ती योग्य शाईची.

ती उणीव भरून निघण्यास विद्युतसंवाहक बहुवारिकांच्या शोधामुळे सुरुवात झाली. पॉलिॲसिटिलीन या बहुवारिकावर आयोडीनसारख्या पदार्थाची प्रक्रिया केल्यास त्याची संवाहकता प्रचंड वाढते, हे ॲलन हीगर, ॲलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. या कार्यासाठी त्यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. द्रावकात विरघळणारे किंवा पाण्यात विखुरता येणारे संवाहक आणि अर्धसंवाहक पदार्थ हाती आल्यावर परिपथ कोरण्याऐवजी छापण्याचा विचार व्यवहार्य ठरला.

आधारपट आणि शाई

सर्वाधिक वापरला जाणारा आधारपट म्हणजे पॉलिएस्टरची, म्हणजेच पीईटीची फिल्म. ती स्वस्त, पारदर्शक व मजबूत असते. परंतु सुमारे ८० अंश सेल्सियसच्या पुढे ती नरम पडू लागते आणि उष्णतेने स्थिर केलेल्या प्रकारांनाही १५० अंशांच्या आसपास मर्यादा येते. पॉलिइमाइड ३०० अंशांहून अधिक तापमान सहन करते, पण ते महाग आणि पिवळसर असल्याने पारदर्शक उपकरणांना चालत नाही. पोलादाचा पत्रा, पीईएन फिल्म आणि वाकू शकणारी पातळ काच हे अन्य पर्याय आहेत. कॉर्निंग कंपनीने २०१२ मध्ये सादर केलेली विलो ग्लास ही काच सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीची असून ती गुंडाळता येते.

चांदी ९६१ अंशांना वितळते. मग ती पॉलिएस्टरवर कशी छापायची? याचे उत्तर कणांच्या आकारात आहे. काही नॅनोमीटर आकाराच्या कणांचा पृष्ठभाग त्यांच्या आकारमानाच्या मानाने फार मोठा असतो, त्यामुळे १५० अंश किंवा त्याहून कमी तापमानातही ते एकमेकांना चिकटून सलग संवाहक रेषा बनवतात. तांबे चांदीहून पुष्कळ स्वस्त आहे, पण त्याचे सूक्ष्म कण हवेत झपाट्याने गंजतात व तो गंज वीज वाहू देत नाही. यावर झेनॉन दिव्याच्या क्षणिक झोताने कण तापवण्याचा उपाय योजला जातो. हा झोत मिलिसेकंदभरच टिकत असल्याने शाई तापते आणि खालची फिल्म बरीचशी थंड राहते.

मुद्रणाच्या पद्धती

कोणती पद्धत वापरायची हे मुख्यतः शाईच्या दाटपणावर आणि हव्या त्या थराच्या जाडीवर ठरते. ग्रॅव्ह्युअर पद्धतीत धातूच्या रुळावर कोरलेल्या सूक्ष्म खळग्यांत शाई भरते, जादा शाई पात्याने निपटली जाते आणि उरलेली फिल्मवर उतरते. वेफर्सच्या पुड्यांची छपाई अनेकदा याच पद्धतीने होते. तिचा वेग मोठा असला तरी रूळ कोरणे खर्चिक असल्याने ती मोठ्या मागणीसाठीच परवडते. फ्लेक्सोग्राफीत रबरासारख्या लवचीक ठशाचा उपयोग करतात. रोटरी स्क्रीन पद्धतीत जाळीदार नळकांड्यातून दाट शाई दाबली जाते. जाड थर हवा असल्यास तीच सोयीची. इंकजेटला ठसा लागत नाही, त्यामुळे नमुना केव्हाही बदलता येतो. पण तिची शाई अतिशय पातळ असावी लागते आणि तिची तोंडे तुंबतात. स्लॉट-डाय ही काटेकोर अर्थाने छपाई नव्हे: अरुंद फटीतून द्रव चालत्या पट्टीवर पसरतो आणि त्यातून सलग थर किंवा पट्टे मिळतात. सौरघटांना बहुधा तेवढेच पुरते.

थरांच्या जुळणीचा प्रश्न

ट्रान्झिस्टरमध्ये अनेक थर एकावर एक अचूक बसावे लागतात. रंगीत छपाईत चार रंगांचे रजिस्ट्रेशन किंचित चुकले तर चित्र धूसर दिसते. इथे काही मायक्रोमीटरच्या चुकीने ट्रान्झिस्टर चालेनासा होतो. पॉलिएस्टर फिल्म दर अंश तापमानवाढीस मीटरमागे साधारण १५ ते २५ मायक्रोमीटर प्रसरण पावते. म्हणजे तापमान १० अंशांनी वाढले तर मीटरभर रुंदीची फिल्म १५० ते २५० मायक्रोमीटरने वाढते. ओलसर हवेने आणि ओढीच्या ताणानेही तिची मापे बदलतात, तीही सर्व दिशांना सारखी नाहीत.

एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेत विकसित झालेल्या स्वयं-जुळणी ठसा-शिलामुद्रणात हा प्रश्न सोडवण्याऐवजी टाळण्यात आला. तेथे सर्व थर आधी फिल्मवर सलग चढवले जातात. मग त्यांवर बहुवारिकाचा एकच ठसा उमटवतात. त्या ठशाला वेगवेगळ्या उंचीच्या पायऱ्या असतात आणि प्रत्येक उंचीत एकेका थराचा आराखडा साठवलेला असतो. कोरणीची प्रक्रिया पायरी-पायरीने ठसा खाली आणते व त्याबरोबर एकेक थर कापला जातो. फिल्म ताणली गेली तर ठसाही तिच्यासह ताणला जातो, म्हणून जुळणी बिघडत नाही. या तंत्रावर आधारित लवचीक पडद्याचा नमुना एचपी आणि ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने २००८ मध्ये सादर केला.

बाजारात आलेल्या घडीच्या मोबाइल फोनचे पडदे मात्र रोल-टू-रोल पद्धतीने बनत नाहीत. काचेच्या ताठ तावावर पॉलिइमाइडचा थर देऊन त्यावर परिपथ रचतात आणि शेवटी लेसरने तो थर काचेपासून सोडवतात. या दोन पद्धतींची गल्लत नेहमी होते.

प्रकाशीय रचना

इलेक्ट्रॉनिकीच्या तुलनेत प्रकाशीय घटकांना ही पद्धत अधिक मानवली, कारण त्यांत बहुधा एकच थर असतो आणि जुळणीचा प्रश्न उद्भवत नाही. बँकेच्या कार्डावरील होलोग्राम हे याचे परिचित उदाहरण होय. मूळ नमुन्यावरून निकेलचा ठसा तयार करून तो रुळावर बसवतात व तापवून फिल्मवर दाबतात. नॅशनल जिओग्राफिक मासिकाच्या मार्च १९८४ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर गरुडाचा असा होलोग्राम होता. लॅपटॉपच्या पडद्यामागे प्रकाश एकवटणाऱ्या फिल्मवर सूक्ष्म लोलकांच्या समांतर रांगा असतात. त्याही रुळावरच्या साच्याने उमटवल्या जातात.

याहून सूक्ष्म रचनांसाठी नॅनो-ठसा तंत्र वापरतात. स्टीफन चाऊ यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास २५ नॅनोमीटर मापाचे ठसे उमटवून दाखवले होते. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये हेच काम लवचीक फिल्मच्या गुंडाळीवर अखंडपणे केले.

पाण्याची वाफ

कार्बनी प्रकाशउत्सर्जक डायोडला, म्हणजे ओएलईडीला, ओलावा सहन होत नाही. त्याच्या आवरणातून दिवसाला दर चौरस मीटरमागे एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून अधिक वाफ शिरू नये असा दंडक मानला जातो. साध्या पॉलिएस्टर फिल्ममधून दिवसाला ग्रॅमच्या मापात वाफ जाते. म्हणजे तफावत किमान दहा लाखपटींची आहे. तिच्यावर उपाय म्हणून ऑक्साइड व बहुवारिकाचे थर आलटून पालटून देतात. पण प्रत्येक जादा थराने स्वस्त छपाईचा मूळ हेतू थोडा थोडा मागे पडतो.

सौरघटांचा अनुभव

या तंत्राविषयीच्या सर्वांत मोठ्या आशा आणि सर्वांत मोठे तोटे सौरघटांच्या वाट्याला आले. हीगर यांचा सहभाग असलेली कोनार्का ही कंपनी २००१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्थापन झाली. बहुवारिक सौरघटांच्या छपाईसाठी तिने न्यू बेडफर्ड येथील पोलरॉइड कंपनीचा जुना कारखाना घेतला. प्रयोगशाळेत तिच्या छोट्या घटांची कार्यक्षमता ८ टक्क्यांच्या पुढे गेली होती, पण गुंडाळीवर छापलेल्या मोठ्या पट्ट्या त्याच्या बऱ्याच मागे राहिल्या. जून २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सौरघट छापणारी नॅनोसोलर कंपनी २०१३ मध्ये बंद पडली. दोन्ही कंपन्यांच्या अपयशात तंत्रातील त्रुटींइतकाच बाजाराचाही भाग होता: २००८ मध्ये वॅटमागे ४ डॉलरच्या घरात असलेली सिलिकॉन पॅनेलची किंमत २०१२ पर्यंत १ डॉलरखाली आली.

डेन्मार्कमधील रिसो येथे फ्रेडरिक क्रेब्स यांच्या गटाने निर्वात कक्षाशिवाय संपूर्ण घट गुंडाळीवर छापण्याचे काम पुढे नेले. घटाच्या निर्मितीत लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा इंडियम-टिन ऑक्साइड या पारदर्शक संवाहकाचा असल्याचे दिसल्यावर त्यांनी तो थरच वगळला. हे ऑक्साइड ठिसूळ असून फिल्म २ टक्के ताणली गेली तरी त्याला तडे जातात, हाही एक दोष होताच. चांदीच्या नॅनोतारा, धातूची बारीक जाळी आणि ग्राफीन हे त्याला पर्याय आहेत. कोरियातील संशोधकांनी २०१० मध्ये ३० इंची ग्राफीनचा थर रोल-टू-रोल पद्धतीने फिल्मवर उतरवला होता.

प्रचलित उपयोग आणि भारत

गाजावाजा न होता यशस्वी झालेली मुद्रित इलेक्ट्रॉनिकी घराघरांत आहे. रक्तातील साखर तपासण्याच्या पट्टीवरील विद्युदग्र छापलेले असतात आणि पट्टी एकदाच वापरायची असल्याने टिकाऊपणाचा प्रश्न येत नाही. कळफलकाच्या आतील पटलांवर चांदीच्या शाईच्या रेषा असतात. आरएफआयडी पट्ट्यांचे अँटेनाही गुंडाळीवर बनतात, काही छापून व काही धातूचा पत्रा कोरून; भारतात पथकरासाठी वापरला जाणारा फास्टॅग याच जातीचा आहे.

भारतात लवचीक इलेक्ट्रॉनिकीचे राष्ट्रीय केंद्र २०१४ मध्ये आयआयटी कानपूर येथे सुरू झाले. पुण्यातील सी-मेट या संस्थेत इलेक्ट्रॉनिकीसाठी लागणाऱ्या छपाईयोग्य लेपांवर संशोधन होते. आधारपट म्हणून लागणाऱ्या पॉलिएस्टर फिल्मचे उत्पादन महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर येथे होते. तेथील फिल्मचे मुख्य ग्राहक मात्र वेष्टने आणि वाहनांच्या काचांवरील आवरणे यांचे आहेत.