ओव्या ठेवायच्या कुठे?



मागच्या आखाजीच्या आधी आमच्या बैठकीत एक प्रश्न निघाला, तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आमच्या गटातल्या काही जणी घरोघरच्या म्हाताऱ्यांकडून कानबाईची, आखाजीची, हळदीची गाणी मोबाईलवर घेत होत्या. ती सगळ्यांना ऐकता यावीत, कुणालाही घेता यावीत, दुसऱ्या गावच्या बायांनी त्यात भर घालावी, असं ठरलं. म्हणजे वेबसाइट आली. एकीनं सांगितलं, "फुकटात होतं ताई, दहा मिनिटांचं काम." तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, "पन ते घर कोनं शे?"

घर कुणाचं? आम्ही सगळ्या गप्प. कारण गाणी आमची, आवाज आमच्या आयांचा, आणि ठेवणार कुणाच्या तरी जागेत. म्हणून आज तुम्हाला सांगणार आहे ती बायकांच्या गाण्यांनी घरं कशी बदलली त्याची हकिगत.

सुरुवात जवळूनच करू. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गात गेल्या आणि घरातल्या मुलांनी त्यातलं थोडं कागदावर उतरवलं. 1951 साली त्या गेल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि 1952 साली पुस्तक निघालं. बहिणाबाईंना सोपानदेव होते, सोपानदेवांना अत्रे भेटले. बाकीच्या हजारो बायांचं काय?

त्यांच्यासाठी पुण्यात एक काम उभं राहिलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या दोघांनी 1980 साली तिथे सामाजिक शास्त्रांच्या सहकारी संशोधनाचं केंद्र सुरू केलं. पॉइत्व्हाँ मूळचे फ्रान्सचे. मुळशीच्या डोंगरातल्या गरीब बायांच्या संघटनेसोबत काम करताना त्यांच्या ध्यानात आलं, की या बाया सभेत बोलत नाहीत, पण जात्यावर सगळं बोलतात. सासर, माहेर, भाऊ, दुष्काळ, नवऱ्याचा मार, सगळं ओवीत आहे. मग गावोगाव फिरून ओव्या लिहून घ्यायला सुरुवात झाली. हे काम वीस वर्षं चाललं. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया आणि एक लाखाहून जास्त ओव्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. आणि जातं तर तेवढ्या काळात घरातून बाहेर गेलं. पिठाची गिरणी आली, बायांचे हात सुटले ते बरंच झालं. पण गाणंही त्याच हातांसोबत सुटलं.

एक लाख ओव्या ठेवायच्या कुठे? पुस्तकात मावत नाहीत. वह्यांना वाळवी लागते. 1990 नंतर बर्नार्ड बेल नावाचे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे फ्रेंच अभियंते या कामात आले. त्यांनी बायांचे आवाज नीट ध्वनिमुद्रित केले, एकशेवीस तासांहून जास्त, आणि सगळ्या ओव्यांची संगणकावर एक मोठी नोंदवही बनवली. आपल्या गटाच्या रजिस्टरात जसे रकाने असतात तशीच ही वही. ओवी कोणती, गाणारी कोण, गाव कोणतं, तालुका कोणता, विषय काय. मला या सगळ्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. ओवीपासून बाईचं नाव सुटू दिलं नाही. लोकगीतांच्या किती पुस्तकांत गाणं असतं आणि खाली नुसतं 'पारंपरिक' लिहिलेलं असतं!

मग या वहीची घरं बदलत गेली. आधी ध्वनिमुद्रणं गुरगावच्या संगीतसंग्रहात ठेवली. पुढे सगळा ठेवा इंटरनेटवर गेला, तोही फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्स या गावी, बोली आणि भाषांचे नमुने जपणाऱ्या एका भांडारात. मुळशीची ओवी फ्रान्सच्या संगणकावर! सुरक्षित होती, पण मुळशीची बाई ती उघडून बघणार कशी? 2004 साली पॉइत्व्हाँ गेले, 2010 साली हेमाताई गेल्या. काम सुरू करणारी दोन्ही माणसं गेली, की संस्थेच्या कपाटाचं काय होतं ते आपण जाणतो. इथे मात्र तसं झालं नाही. पी. साईनाथ यांनी 2014 साली ग्रामीण भारताचं खुलं संग्रहालय, 'पारी', इंटरनेटवर सुरू केलं होतं. 2017 साली ओव्या तिथे यायला लागल्या. मराठीत आणि भाषांतरातही, आवाजासकट, गाणारणीच्या नावागावासकट. जुन्या चमूतली माणसं पुन्हा त्या गावांत गेली आणि त्यातल्या काही बायांना पुन्हा भेटली.

हे घर बदलणं जमलं कशामुळे? ओव्या आणि रकाने एका जागेतून उचलून दुसरीकडे जसेच्या तसे नेता आले म्हणून. सगळ्यांना हे जमत नाही. तुमच्यातल्या पस्तिशी ओलांडलेल्या बायांना ऑर्कुट आठवत असेल. 2004 साली सुरू झालं, सप्टेंबर 2014 मध्ये कंपनीनं बंद केलं. त्याच कंपनीनं संगणकाच्या मोफत प्रोग्रॅमांसाठी दिलेली एक जागा, गूगल कोड, 2016 साली बंद झाली. मुदत दिली होती, सामान न्यायची सोयही केली होती. पण ज्यानं ती सूचना वाचलीच नाही त्याचं काय? भाडं नव्हतं, तसा मागायला हक्कही नव्हता.

मोफत प्रोग्रॅम म्हणजे काय, हे जरा सांगते, कारण पुढची गंमत त्यात आहे. आपल्या सोनगीरचं पितळेचं पातेलं घ्या. ते विकत घेतलं की तुमचं. चेपलं तर कुठलाही तांबट ठोकून देईल, कल्हई कुठलाही कल्हईवाला लावील. ज्या प्रोग्रॅमची घडण सगळ्यांना उघडी असते, कुणीही दुरुस्त करावा, कुणीही वाटावा, त्याला मुक्त स्रोत म्हणतात. आणि काही प्रोग्रॅम असे, की झाकण बनवणाऱ्यानंच उघडायचं.

विकिपीडिया ठाऊक आहे ना, मुलं गृहपाठाला बघतात तो? तो 2001 साली सुरू झाला. त्याचा मजकूर आणि प्रोग्रॅम दोन्ही असे उघडे. 2002 च्या फेब्रुवारीत तिथे जाहिराती येणार अशी बोलणी कानावर आली, तेव्हा स्पॅनिश भाषेत लिहिणारे लोक बिथरले. फुकट लिहायचं आम्ही आणि पैसा करायचा दुसऱ्यानं? त्यांनी सगळे लेख उचलले आणि स्पेनमधल्या सेव्हिल विद्यापीठाच्या संगणकावर वेगळं बिऱ्हाड मांडलं. उचलता आले, कारण दार आतूनही उघडत होतं. पुढे जाहिराती घेतल्या गेल्या नाहीत आणि 2003 च्या जूनमध्ये विकिपीडिया कंपनीच्या हातून निघून ना-नफा संस्थेकडे गेला. आपला मराठी विकिपीडिया त्याच वर्षीचा, 1 मे 2003, महाराष्ट्र दिनाचा. स्पॅनिश लोक निघून गेले म्हणूनच हे सगळं झालं असं मी म्हणणार नाही, पण भाडेकरू सामान घेऊन जाऊ शकतो हे ठाऊक असलं की घरमालक नीट वागतो, एवढं मी भाड्यानं राहून शिकले आहे.

आता आमचं सांगते. आम्ही आधी फुकटची जागा घेतली नव्हती असं नाही. गटाच्या पापड-कुरडयांचं पान तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या पोरानं करून दिलं होतं. सगळं त्याच्या नावावर, त्याच्या नंबरवर. तो नोकरीला लांब गेला, नंबर बदलला, पासवर्ड विसरला. पान अजून तिथे आहे, जुन्या भावासकट. लोक त्यावर ऑर्डर देतात आणि आम्हाला कळतही नाही.

म्हणून गाण्यांसाठी दोन बैठका घालवल्या. काही जणींचं म्हणणं, सगळ्या बाया ज्या ॲपवर आहेत तिथेच टाकावं, शोधायला जायला नको. त्यात तथ्य आहे. घर कितीही पक्कं असलं तरी आडरानात असेल तर पाहुणा येत नाही. शेवटी असं ठरलं: वेबसाइट वर्डप्रेसवर करायची. हा प्रोग्रॅम 2003 पासून आहे, मुक्त स्रोताचा आहे, मराठीत चालतो आणि सगळा मजकूर एका फाइलीत बाहेर काढता येतो. जागा भाड्याची, पण हे भांडं आपलं. एका मालकाशी पटलं नाही तर दुसरीकडे चूल मांडू. ॲपवर फक्त 'गाणं आलं' एवढी खबर द्यायची. वेबसाइटचं नाव ग्रामसंघाच्या नावानं घ्यायचं, कुठल्याही पोराच्या किंवा माझ्याही नावानं नाही. पासवर्ड दोघींकडे. दर वर्षी पैसे भरायची तारीख ठरावाच्या वहीत. मूळ ध्वनिमुद्रणं दोन डिस्कवर, एक सोनगीरला, एक धुळ्याला. रकाने हेमाताईंच्या वहीसारखेच.

रकान्यांपाशी येऊन मात्र अडलो. घर कुणाचं विचारणाऱ्या त्याच आजींनी एक गाणं दिलंय, सासूवरचं. बाई, काय गाणं आहे! ऐकताना हसू येतं आणि नंतर घशात अडकतं. मी म्हटलं, आजी, तुमचं नाव लावायचं. त्या म्हणाल्या, "सासू मरी गई, पन तिन्ही लेकी जित्त्या शेत." नाव नको म्हणतात, आणि दुसऱ्या कुणाच्या नावानं तर मुळीच नको. 'पारंपरिक' लिहायला माझा हात धजत नाही. ते गाणं आम्ही अजून ठेवूनच दिलंय.