फोर्समार्कचीं बावीस मिनिटें

वीज गेली असतां तिच्या जागीं उभी राहणारी राखीव वीज आतां शहरांतील पुष्कळ घरांच्या परिचयाची झाली आहे. भिंतीलगत इन्व्हर्टरची पेटी असते, शेजारीं बॅटरी असते, आणि दिवे विझतांच ही जोडी कामाला लागते. हीच व्यवस्था मोठ्या प्रमाणावर रुग्णालयांत आणि अणुवीज-केंद्रांतही असते. मात्र तेथें तिच्यावर विसंबलेल्या गोष्टींचें मोल फार मोठें असतें. अशी व्यवस्था ऐन वेळीं कां दगा देते आणि त्यानंतर दोष कसा शोधावा, याचा एक धडा स्वीडन देशास २००६ सालीं मिळाला.

फोर्समार्क हें स्थळ स्टॉकहोमच्या उत्तरेस, बाल्टिक समुद्राच्या कांठीं आहे. तेथें तीन अणुभट्ट्या आहेत. १९८६ सालच्या एप्रिल महिन्यांत सोव्हिएत संघांतील चेर्नोबिल येथें अपघात झाला, तेव्हां पश्चिमेकडील देशांना त्याची चाहूल लागली ती याच केंद्रामुळें. येथील एका कर्मचाऱ्याच्या पादत्राणांवर किरणोत्सर्गी धूळ आढळली होती. इतक्या दक्ष केंद्रावर वीस वर्षांनीं स्वतःच कसोटीचा प्रसंग आला.

अणुभट्टी बंद केली तरी ती लगेच थंड होत नाहीं. इंधनांत उष्णता निर्माण होतच राहते; आरंभीं ती पूर्ण सामर्थ्याच्या सुमारें ६ ते ७ टक्के असते. ती वाहून नेण्यास पाणी हवें, पाण्यास पंप हवेत आणि पंपांस वीज हवी. म्हणून बाहेरची वीज गेली तर केंद्रांतील डिझेल-जनित्रें सुरू होतात, आणि मधल्या वेळांत मापकयंत्रें व नियंत्रणाचीं साधनें बॅटऱ्यांवर चालतात. फोर्समार्कच्या पहिल्या भट्टीसाठीं ही तरतूद चौपट केलेली होती. चार वाहिन्या, आणि प्रत्येकीला आपलें डिझेल-जनित्र व आपलें यूपीएस. चारांपैकीं दोन चालल्या तरी काम भागावें, असा हिशेब होता.

यूपीएसची रचना समजण्यास कठीण नाहीं. बाहेरून येणारा प्रवाह सतत दिशा पालटणारा असतो. रेक्टिफायर त्यास एकाच दिशेनें वाहावयास लावतो आणि त्यानें बॅटरी भरलेली राहते. इन्व्हर्टर त्या प्रवाहाला पुन्हां मूळचें रूप देऊन यंत्रांकडे पाठवितो. बाहेरची वीज गेली कीं रेक्टिफायर थांबतो आणि इन्व्हर्टर बॅटरींतून प्रवाह घेऊं लागतो. दाब फार वाढला तर नुकसान होऊं नये म्हणून दोघांनाही आपोआप बंद होण्याची सोय दिलेली असते.

२५ जुलै २००६ रोजीं दुपारीं केंद्राच्या ४०० किलोव्होल्टच्या यार्डांत देखभालीचें काम चालू होतें. एक जोड उघडला जातांना विजेचा लोळ उठला आणि शॉर्ट सर्किट झालें. दाब प्रथम एकदम खालीं गेला, आणि केंद्राचा बाहेरच्या जाळ्याशीं असलेला संबंध तुटतांच नेहमीच्या मर्यादेवर चढला. भट्टी आपोआप बंद झाली. परंतु तो चढता दाब आंत यूपीएसपर्यंत पोंचला. अशा वेळीं रेक्टिफायरनें आधीं बाजूला व्हावें आणि इन्व्हर्टरनें बॅटरीवर काम चालू ठेवावें, ही अपेक्षा होती. दोन यूपीएसमध्यें मात्र दोघेही बंद पडले. बॅटऱ्यांत वीज होती. ती बाहेर येण्याचें दारच मिटलें.

पुढचा प्रकार अधिक चमत्कारिक होता. चारही डिझेल-जनित्रें सुरू झालीं. पण जनित्र योग्य वेगानें फिरत आहे असा संदेश आल्याखेरीज तें वाहिनीला जोडलें जाऊं नये, अशी योजना होती. आणि वेग मोजणाऱ्या साधनास वीज मिळे ती त्याच वाहिनीच्या यूपीएसमधून. यूपीएस बंद, म्हणून वेगाचा संदेश नाहीं. संदेश नाहीं, म्हणून जोडणी नाहीं. दोन जनित्रें सुरू होऊनही त्यांची वीज कोणाच्या उपयोगीं पडली नाहीं. नियंत्रण-कक्षांतील अनेक दर्शक निकामी झाल्यामुळें भट्टीची स्थिति कर्मचाऱ्यांना नीट दिसेना. सुमारें २२ मिनिटांनीं त्यांनीं हातानें जोडणी करून त्या दोन वाहिन्यांत वीज आणली. तोंवर उरलेल्या दोन वाहिन्यांनीं भार सांभाळला होता. इंधनास इजा झाली नाहीं. आंतरराष्ट्रीय मोजणीच्या सात पायऱ्यांपैकीं दुसरी पायरी या घटनेस देण्यांत आली.

वीज परत आली कीं प्रकरण मिटलें, असें मानण्याची रीत घरांत असते तशी कारखान्यांतही असते. स्वीडनमध्यें तसें झालें नाहीं. फोर्समार्कची दुसरी भट्टी आणि ऑस्कार्सहाम्न येथील दोन भट्ट्याही तपासणीसाठीं थांबविण्यांत आल्या. दाब किती चढला, कोणता भाग कोणत्या क्रमानें बंद पडला आणि कोणाचें काम कोणावर अवलंबून होतें, हें एकेक करून पाहण्यांत आलें. रेक्टिफायर आणि इन्व्हर्टर यांच्या बंद होण्याच्या मर्यादांत जो क्रम हवा होता तो नव्हता, असें दिसून आलें. मर्यादा नव्यानें जुळविण्यांत आल्या, आणि जनित्रांच्या जोडणीचें यूपीएसवरील परावलंबनही दूर करावें लागलें.

याहून मोठा बोध आणखी एक होता. चारही यूपीएस एकाच धाटणीचीं होतीं. संख्या चार असली तरी एका धक्क्यानें चारही पडणें अशक्य नव्हतें. राखीव विजेची परीक्षा बहुधा वीज तोडून घेतली जाते. त्या दिवशीं मात्र वीज नुसती तुटली नव्हती, तर आधीं पडून मग उसळली होती. जी स्थिति परीक्षेंत कधीं आली नव्हती तीच प्रत्यक्षांत आली.

वीज जाऊन आल्यावर घरचा इन्व्हर्टर मुका झाला, तर पहिला संशय बॅटरीवर जातो आणि नवी बॅटरी आणण्याची घाई होते. बॅटरी जुनी झालेली असणेंही शक्य असतें. तथापि ती बदलण्यापूर्वीं जाणत्या कारागिराकडून तिच्यापासून दिव्यापर्यंतची सारी वाट तपासून घ्यावी. फोर्समार्क येथें बॅटऱ्या शाबूत होत्या. बंद होती ती वाट.