सिम कुठलंय?

हातात अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्कपर्यंत जा आणि 'अ‍ॅक्सेस पॉइंट नेम्स' उघडा. (मेनूचं नाव कंपनीगणिक थोडं बदलतं. शोधा, सापडेल.) आत एक लांबलचक फॉर्म आहे: नाव, एपीएन, प्रॉक्सी, पोर्ट, युजरनेम, एमसीसी, एमएनसी. बहुतेक रकाने रिकामे असतात आणि एपीएनसमोर 'जिओनेट' किंवा 'बीएसएनएलनेट' असा एखादा शब्द असतो. तो तुम्ही कधी टाइप केलेला नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मात्र तो टाइप करून देणारी माणसं होती, आणि त्याचे पैसेही पडायचे.

मोबाइल इंटरनेटचा इतिहास सहसा स्पीडचा म्हणून सांगतात. टूजी, थ्रीजी, फोरजी. मला तो या फॉर्मचा जास्त वाटतो: तो कोण भरतं, याचा.

१९९९ साली नोकिया ७११० आला, वॅप ब्राउझर असलेला पहिला फोन. त्यावर नेट म्हणजे फोनने एका नंबरला डेटा कॉल लावायचा आणि मिनिटांचा मीटर सुरू. तो नंबर, युजरनेम, पासवर्ड, गेटवेचा आयपी पत्ता, सगळं बारा बटणांच्या कीपॅडवर भरायचं. जीपीआरएस आल्यावर कॉल लावणं संपलं, पण एक नवा प्रश्न आला. फोनने नेटवर्कला सांगायचं की मला कुठल्या दारातून बाहेर जायचंय. त्या दाराचं नाव म्हणजे एपीएन. वेबसाइटच्या नावासारखंच ते असतं आणि नेटवर्क ते स्वतःच्या डीएनएसमध्ये शोधतं. पूर्ण नाव काहीसं असं: 'बीएसएनएलनेट डॉट एमएनसी०६६ डॉट एमसीसी४०४ डॉट जीपीआरएस'. यातलं ४०४ म्हणजे भारत आणि ६६ म्हणजे बीएसएनएल, महाराष्ट्र. मुंबईतल्या एमटीएनएलचा आकडा ६९. टेलिकॉमच्या नकाशात मुंबई हे वेगळं सर्कल आणि गोवा मात्र महाराष्ट्राबरोबर. मनाला लावून घेऊ नका, सिमकार्ड असंच मानतं.

दारं बहुधा दोन असायची. व्होडाफोनचं उदाहरण घ्या. 'पोर्टलएनएमएमएस' हे एपीएन घातलं की तुम्ही कंपनीच्या प्रॉक्सीतून तिच्या पोर्टलवर, म्हणजे रिंगटोन आणि वॉलपेपरच्या दुकानात. खरं इंटरनेट हवं तर एपीएन होतं नुसतं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'. दोन्हींचे हिशोब वेगळे. तेव्हाच्या अनेक प्रीपेड प्लॅनमध्ये दर होता १० केबीला १० पैसे, म्हणजे एका एमबीला दहा रुपयांवर. एका रकान्यात चुकीचा शब्द पडला तर एकतर काहीच उघडायचं नाही, किंवा उघडायचं आणि बॅलन्स साफ व्हायचा.

म्हणून दुकानं. आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर एक होतं. रिचार्ज, मेमरी कार्डात गाणी, आणि 'नेट चालू करून मिळेल'. मी सातवी-आठवीत असेन. काउंटरवरच्या दादाला फोन दिला की तो एकच प्रश्न विचारायचा: "सिम कुठलंय?" मग गल्ल्याखालून वही काढायची, कंपनीचं पान उघडायचं आणि बघून भरायचं. वीस रुपये. ऑपेरा मिनी टाकून हवं असेल तर तीस. दादाला जीपीआरएस म्हणजे काय हे ठाऊक होतं की नाही माहीत नाही, पण त्याची वही बिनचूक होती.

ती वही हळूहळू फोनमध्ये शिरली. आधी एसएमएसच्या रूपाने. कंपनी एक खास एसएमएस पाठवायची, फोन विचारायचा, 'सेटिंग्ज सेव्ह करू?', पिन बहुतेक वेळा १२३४. त्या एसएमएसच्या पोटात दाबून बसवलेला एक्सएमएल फॉर्म असायचा, आयता भरलेला. सोय उत्तम, फक्त तो फॉर्म खरंच कंपनीनेच पाठवलाय का, हे माणसाला कळायला मार्ग नव्हता. २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की असा एसएमएस कुणीही पाठवून फोनचं सगळं ट्रॅफिक स्वतःच्या प्रॉक्सीतून वळवू शकतो. सॅमसंगच्या फोनवर तर त्याला कुठली ओळखही पटवावी लागत नव्हती.

आज अँड्रॉइडच्या कोडमध्ये जगभरच्या एपीएनची एक भलीमोठी फाइल आहे. सिम घातलं की फोन त्यावरचे पहिले पाच-सहा आकडे वाचतो, फाइलीत तेच आकडे शोधतो आणि रकाने भरतो. सिम कुठलंय, हाच प्रश्न. नोकरीत ही फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा मला हसू आलं होतं.

ईमेलचा फॉर्म याहून जुना आणि जास्त चिवट. पत्र पाठवायचं एसएमटीपी १९८२ चं, आयमॅप मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्डला रचलेलं, पीओपी३ १९८८ चं. सगळं टेबलावरच्या संगणकांच्या काळातलं. पीओपी पत्र उतरवून घेतं, आयमॅप ते सर्व्हरवरच ठेवून दाखवतं. नोकियावर 'फक्त हेडर आणा' असा पर्याय असायचा आणि दहा रुपये एमबीच्या दिवसांत तो फार मोलाचा होता. कुणी दोन एमबीचा फोटो पाठवला तर वीस रुपये गेलेच.

ब्लॅकबेरीने हा फॉर्मच काढून टाकला. पत्ता आणि पासवर्ड द्या, बाकी आम्ही बघतो. कॅनडाच्या रिसर्च इन मोशनचे सर्व्हर तुमच्या पेटीतून पत्रं काढून फोनवर पोचवायचे. २०१० मध्ये भारत सरकारने ३१ ऑगस्टची मुदत घालून सेवा बंद करण्याचा इशारा दिला, कारण त्या सर्व्हरांतून जाणारे संदेश आपल्या यंत्रणांना वाचता येत नव्हते. मुदत पुढे ढकलली गेली, वाटाघाटी चालल्या, शेवटी मुंबईत सर्व्हर बसला. या भांडणात फोनवाल्याला कुणी काही विचारलं नाही. फॉर्म त्याने भरलेलाच नव्हता.

आता तीच रीत सर्वत्र आहे. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांची मेल नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या अ‍ॅपना देणं थांबवलं. गूगलच्या पानावरून लॉगिन करा, नाहीतर सोळा अक्षरांचा वेगळा अ‍ॅप पासवर्ड घ्या. पासवर्ड किती सहज चोरीला जातात हे मी रोज कामात पाहतो, त्यामुळे निर्णय मला पटतो. पण मेल अ‍ॅपच्या यादीत आधी जीमेल, आउटलुक, याहू आणि सगळ्यात खाली 'इतर', हा क्रम मला खटकतो. त्या 'इतर'मध्ये स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलेला प्रत्येक छापखाना, पतसंस्था आणि शाळा येते.

माझ्या मामांचा छापखाना त्यातलाच. गेल्या महिन्यात नव्या फोनवर मेल जोडताना त्यांनी व्हिडिओ कॉल केला. इनकमिंग ९९३, हे लगेच झालं. आउटगोइंगला अडलं. "अरे, एक जण ४६५ म्हणतोय, दुसरा ५८७. खरा कोण?" मी म्हटलं, मामा, दोघंही. ४६५ हा पोर्ट १९९७ मध्ये सुरक्षित एसएमटीपीसाठी दिला आणि थोड्याच काळात काढून घेतला; ५८७ही त्याच सुमारास आला. तरी लोकांनी ४६५ सोडला नाही. वीस वर्षं तो नियमाबाहेर राहून चालत राहिला आणि जानेवारी २०१८ मध्ये मानकं ठरवणाऱ्यांनी तो परत अधिकृत केला.

"म्हणजे वहिवाटीने हक्क लागला," मामा म्हणाले आणि ४६५ टाकला.