हुबळी-धारवाडकरांचा किनाऱ्यावरील तंबू-मुक्काम

हुबळी आणि धारवाड या जुळ्या शहरांची संयुक्त महापालिका १९६२ साली अस्तित्वात आली. दोन्ही शहरे पठारावर वसलेली असली तरी सह्याद्रीचा घाट उतरताच अरबी समुद्र गाठता येतो. त्यामुळे शाळांना सुटी लागली की येथील कुटुंबे किनाऱ्याची वाट धरतात. हॉटेलऐवजी वाळूलगतच्या साध्या तंबूत एक-दोन रात्री काढणे हा या सहलींचा अलीकडे रुळलेला प्रकार होय.

मार्ग व ठिकाणे : हुबळीहून कलघटगी, यल्लापूर व अरबैल घाटमार्गे अंकोल्यास पोहोचता येते. तेथून दक्षिणेस गोकर्ण, होन्नावर व मुर्डेश्वर, तर उत्तरेस कारवार आहे. गोव्याकडे येणारे धारवाड, अळणावर, रामनगर व अनमोड घाट असा मार्ग घेतात. होन्नावरजवळील कासरकोड किनाऱ्यास २०२० साली 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन लाभले.

भरतीचे गणित : पठारावरच्या माणसाला समुद्राची घडी ठाऊक नसते, आणि तंबूवासातील खरी जोखीम तेथेच आहे. किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ठोकताळा असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या, तर पौर्णिमा व अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती असते. ती दिवसा येते तशीच रात्रीही येते. पौर्णिमा-अमावास्येस व त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असल्याने पाणी नेहमीपेक्षा अधिक वर चढते.

दसऱ्याच्या सुटीस जोडून येणारी कोजागरी किनाऱ्यावर साजरी करण्याचा मोह मराठी कुटुंबांना होतो. परंतु दूध आटवून चांदणे पाहावे, त्याच मध्यरात्रीच्या सुमारास उधाणाचे पाणी सर्वांत वर आलेले असते. सायंकाळी कोरडी व रुंद दिसणारी वाळू तंबूसाठी सुरक्षित मानणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

जागेची निवड : भरतीने आणून टाकलेला काडीकचरा व शिंपले यांची शेवटची रेघ शोधावी आणि तंबू तिच्या बराच वर ठोकावा. जांभळ्या फुलांची मर्यादवेल जेथे पसरलेली असते, तेथवर समुद्र सहसा येत नाही. तिच्या नावातच ही खूण आहे. मात्र वेल तुडवू नये, कारण ती वाळू धरून ठेवते. नदीच्या मुखाजवळची जागा टाळावी. शौचालय, गोडे पाणी व रात्रीचा राखणदार या सोयी असलेली परवानाधारक जागाच कुटुंबास योग्य होय.

पोहणे : डिसेंबर २०२४ मध्ये मुर्डेश्वर येथे शालेय सहलीस आलेल्या चार विद्यार्थिनी बुडून मरण पावल्या. तलावात पोहता येणे म्हणजे समुद्रात पोहता येणे नव्हे. जीवरक्षक असतील तेथेच व दिवसाउजेडी पाण्यात उतरावे. मुलांसोबत मोठ्या माणसाने स्वतः पाण्यात राहावे. ओढ लागल्यास तिच्याविरुद्ध न झगडता किनाऱ्यास समांतर पोहावे. जून ते सप्टेंबर या काळात समुद्रात उतरूच नये. आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

गोव्यातील नियम : गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक व मद्यपान करणे २०१९ च्या कायदादुरुस्तीने दंडनीय ठरले आहे. चूल मांडण्याची सवय असलेल्या पाहुण्यांना यजमानांनी हे आधीच सांगावे. मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात. तंबूचा प्रखर दिवा त्यांना समुद्रापासून दूर नेतो. तेथे रात्री दिवे मालवलेलेच बरे.

निघण्यापूर्वी सामानाच्या यादीइतकेच दिनदर्शिकेवरील तिथीकडेही लक्ष द्यावे. चांदणे हवे असेल तर पौर्णिमेचा मुक्काम अवश्य करावा, पण तंबू मर्यादवेलीच्या मागे असावा.