स्वातंत्र्य कोणाचे? लंडनच्या किंग आल्फ्रेड स्कूलचा ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

शिक्षणाच्या इतिहासात प्रयोगशील शाळांचा विचार बहुधा त्यांच्या संस्थापकाच्या नावाने होतो. समरहिल म्हटले की नील आठवतात, बीडेल्स म्हटले की बॅडली. परंतु काही शाळा अशाही आहेत की ज्यांच्यामागे कोणी एक द्रष्टा पुरुष नव्हता. काही कुटुंबांनी एकत्र येऊन त्या उभ्या केल्या. लंडनच्या हॅम्पस्टेड भागात इ.स. १८९८ मध्ये सुरू झालेली किंग आल्फ्रेड स्कूल ही अशा शाळांपैकी एक महत्त्वाची शाळा होय. स्वतंत्र, सहशिक्षणाची आणि अनिवासी ही तिची तीन वैशिष्ट्ये असून ती आजही टिकून आहेत. प्रस्तुत लेखात या शाळेच्या जडणघडणीचा मागोवा घेऊन 'स्वतंत्र शाळा' या संज्ञेतील स्वातंत्र्य नेमके कोणाचे असते, या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये स्वतंत्र शाळा म्हणजे शासकीय निधीवर न चालणारी, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर अवलंबून असणारी शाळा. आपल्याकडील 'विनाअनुदानित' ही संज्ञा तिच्या जवळची आहे. मात्र दोन्ही शब्दांचा रोख वेगळा आहे. एक शब्द शाळेला काय लाभले ते सांगतो, दुसरा काय मिळत नाही ते सांगतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील शिक्षणव्यवस्था वर्ग, लिंग आणि धर्म या तिन्ही अंगांनी विभागलेली होती. इ.स. १८७० च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा पाया सार्वजनिक निधीवर घातला गेला. तथापि संपन्न घरांतील मुलांचे शिक्षण निवासी पब्लिक स्कूलमध्येच होत असे. तेथील शिस्त, प्राचीन भाषांचा भर, छडी, प्रार्थनामंदिर आणि सांघिक खेळ यांचे मिळून एक विशिष्ट विश्व तयार झाले होते. मुलींसाठी मात्र वेगळा मार्ग निघाला. फ्रान्सिस मेरी बस यांनी इ.स. १८५० मध्ये नॉर्थ लंडन कॉलेजिएट स्कूल सुरू केले, तर इ.स. १८७२ मध्ये मुलींच्या अनिवासी शाळा काढण्यासाठी एक स्वतंत्र कंपनीच स्थापन झाली. मुलाला दूर पाठवावे आणि मुलीला घरी ठेवून शिकवावे, असा सर्वसाधारण दंडक होता. म्हणजे निवासी शाळा ही प्रामुख्याने मुलांची व अनिवासी शाळा ही बव्हंशी मुलींची, अशी विभागणी मध्यमवर्गीय व्यवहारात रूढ होत चालली होती.

या व्यवस्थेविरुद्ध पहिले बंड निवासी शाळांच्या अंगणातच झाले. सेसिल रेडी यांनी इ.स. १८८९ मध्ये अ‍ॅबट्सहोम व जे. एच. बॅडली यांनी इ.स. १८९३ मध्ये बीडेल्स ही शाळा काढली. बीडेल्समध्ये इ.स. १८९८ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला. या शाळांनी अभ्यासक्रम बदलला, शेती व हस्तव्यवसाय यांना स्थान दिले. मात्र दोन्ही ठिकाणी मूल घरापासून दूर राही आणि शाळेवर संस्थापक-मुख्याध्यापकाच्या व्यक्तिमत्त्वाची छाया असे. हॅम्पस्टेडच्या पालकांनी जो मार्ग निवडला तो या दोन्ही बाबतींत भिन्न होता.

स्थापना व ध्येयधोरण

हॅम्पस्टेडमधील काही सुशिक्षित, उदारमतवादी कुटुंबांनी आपल्या मुलांसाठी मनाजोगती शाळा मिळत नाही म्हणून 'किंग आल्फ्रेड स्कूल सोसायटी' स्थापन केली आणि इ.स. १८९८ मध्ये एलरडेल रोडवरील एका घरात शाळा सुरू झाली. संस्थापकांत प्रसिद्ध शिल्पकार हामो थॉर्निक्रॉफ्ट यांचा समावेश होता. राजा आल्फ्रेडचा विंचेस्टर येथील भव्य पुतळा याच शिल्पकाराने घडविला व तो इ.स. १९०१ मध्ये उभारला गेला. लॅटिनमधील ज्ञान आपल्या प्रजेच्या इंग्रजी भाषेत आणण्यासाठी ग्रंथांची भाषांतरे करविणारा व स्वतः करणारा राजा म्हणून आल्फ्रेडची ख्याती आहे. शाळेच्या नावासाठी एखाद्या संताऐवजी लोकभाषेत विद्या आणणारा राजा निवडला जावा, ही गोष्ट अर्थपूर्ण वाटते.

सोसायटीच्या घटनापत्रातील उद्दिष्ट विशेष लक्षणीय आहे. तत्कालीन उपलब्ध शिक्षणविचारांपैकी जे सर्वोत्तम असतील ते प्रत्यक्षात आणणे, असे ते उद्दिष्ट होते. आणि त्यात फ्रोबेल, हर्बार्ट, पेस्टालॉझी, हर्बर्ट स्पेन्सर आदींची नावे नमूद केलेली होती. म्हणजे शाळेचा आधार कोणताही धर्मपंथ नव्हता, तर शिक्षणशास्त्र होते. धार्मिक शिक्षण शाळेत द्यावयाचे नाही, हे प्रारंभीच ठरविण्यात आले. मुले व मुली एकाच वर्गात, एकाच अभ्यासक्रमाने शिकतील हेही ठरले. धार्मिक शिक्षण शालेय जीवनाचा गाभा मानणाऱ्या त्या काळात हा निर्णय धाडसाचाच म्हणावा लागेल.

स्पेन्सर यांचे नाव मराठी वाचकास एका दुसऱ्या संदर्भाची आठवण करून देईल. मिल व स्पेन्सर यांच्या विचारांवर पोसलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी 'सुधारका'तून स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे, असे प्रतिपादन केले होते. आगरकर इ.स. १८९५ मध्ये निवर्तले. हॅम्पस्टेडची शाळा त्यानंतर तीन वर्षांनी निघाली. ज्या पुण्यात त्यांनी हे लिहिले तेथे इ.स. १८८० मध्ये स्थापन झालेले न्यू इंग्लिश स्कूल मुलांचे होते आणि इ.स. १८८४ मध्ये निघालेली हुजूरपागा मुलींची होती. एकाच वैचारिक उगमातून निघालेला विचार पुण्यात लेखरूपाने राहिला व हॅम्पस्टेडला शाळेच्या रूपाने उभा राहिला. यामागे धैर्याचा फरक नसून सामाजिक आधाराचा फरक होता. आगरकरांच्या मागे आपल्या मुलामुलींना एकत्र पाठवायला तयार असलेली कुटुंबे नव्हती. थॉर्निक्रॉफ्ट आदींच्या बाबतीत ती कुटुंबे हेच संस्थापक होते.

शाळेचे अंतरंग

पहिले मुख्याध्यापक चार्ल्स राइस हे बीडेल्सचा अनुभव घेऊन आले होते. त्यांच्यानंतर इ.स. १९०१ ते १९२० या प्रदीर्घ काळात जॉन रसेल यांनी शाळेची धुरा वाहिली आणि शाळेच्या स्वभावाला घडण दिली. गुण, बक्षिसे आणि शारीरिक शिक्षा यांवाचून शाळा चालू शकते, हे या काळात दिसून आले. या गोष्टीचे महत्त्व पुढील कालक्रमावरून ध्यानात येईल. इंग्लंडमधील शासकीय शाळांतून छडी कायद्याने हद्दपार झाली ती इ.स. १९८७ मध्ये, आणि स्वतंत्र शाळांतून इ.स. १९९९ मध्ये.

सहशिक्षणाविषयी त्या काळी इंग्लंडमध्ये मोठा वाद चालू होता. अ‍ॅलिस वुड्स यांनी इ.स. १९०३ मध्ये सहशिक्षणावरील लेखांचा संग्रह संपादित केला, यावरूनच हा विषय किती चर्चेत होता हे कळते. या वादात अनिवासी शाळेची बाजू स्वभावतः सुकर होती. निवासी सहशिक्षणात रात्रीची व्यवस्था, देखरेख आणि लोकापवाद यांचा प्रश्न सतत उभा राही. अनिवासी शाळेत भावंडे सकाळी एकत्र निघत आणि सायंकाळी एकत्र घरी परतत. घरातील व शेजारातील सहवास शाळेत पुढे चालू राही, इतकेच. सहशिक्षण येथे स्वाभाविक वाटले याचे एक कारण शाळेच्या अनिवासी स्वरूपात आहे.

पहिल्या महायुद्धानंतर शाळा गोल्डर्स ग्रीनकडील मॅनर वुड या प्रशस्त, वृक्षाच्छादित जागेत गेली. इ.स. १९२० मध्ये मुख्याध्यापक झालेले जोसेफ विक्स्टीड हे विल्यम ब्लेकचे अभ्यासक म्हणूनही ओळखले जातात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरील हवाई हल्ल्यांच्या भीतीने शाळेला हर्टफर्डशायरमधील रॉयस्टन येथे स्थलांतर करावे लागले. युद्ध संपल्यावर ती पुन्हा आपल्या मूळ जागी आली.

नील यांचा प्रयोग व त्याची फलश्रुती

या शाळेच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण ए. एस. नील यांचे आहे. होमर लेन यांच्या 'लिटल कॉमनवेल्थ' या वसाहतीतील बालकांच्या स्वयंशासनाने नील भारावून गेले होते. ती वसाहत इ.स. १९१८ मध्ये बंद पडली आणि महायुद्ध संपता संपता नील किंग आल्फ्रेड स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. इंग्लंडमध्ये याहून मोकळी शाळा त्या वेळी क्वचितच असेल. तरीही त्यांना ती पुरेशी मोकळी वाटली नाही. येथेही मुलांचे स्वयंशासन असावे, असा त्यांनी आग्रह धरला. नील यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार प्रयोगास परवानगी मिळाली. परंतु मुलांनी त्या सभांचा उपयोग प्रामुख्याने मनसोक्त गोंगाट करण्यासाठी केला, सहकारी शिक्षक नाराज झाले आणि अखेर नील यांना शाळा सोडावी लागली. इ.स. १९२१ मध्ये ड्रेस्डेनजवळील हेलेराऊ येथे त्यांनी ज्या कार्यास आरंभ केला त्यातूनच समरहिल उदयास आली. त्या कार्यात त्यांच्या सहकारी असलेल्या व पुढे पत्नी झालेल्या लिलियन न्यूस्टाटर या किंग आल्फ्रेड स्कूलमधील एका विद्यार्थ्याच्या आई होत्या.

हा प्रयोग का फसला? शिक्षकांचा सनातनीपणा हे एक उत्तर झाले. ते अपुरे आहे. निवासी शाळेत मुलांच्या सभेला शासन करण्याजोगे पुष्कळ असते. झोपण्याची वेळ, जेवणाची पंगत, चोरी, भांडणे, सामानाची वाटणी हे सारे तेथेच घडते आणि तेथेच निस्तरावे लागते. अनिवासी शाळेत मूल दुपारनंतर घरी जाते. त्याच्या जेवणाचे, झोपेचे व मित्रांचे नियम आईवडील ठरवितात. सभेच्या हाती उरतो तो वर्ग, आणि वर्गात गोंगाट करण्याखेरीज सत्ता अजमावण्याचा मार्ग मुलांना सापडला नाही, तर त्यात नवल नाही. नील यांची समरहिल निवासी झाली, हा योगायोग मानता येत नाही. मुलाचे पूर्ण स्वातंत्र्य त्यांना हवे होते आणि त्यासाठी मुलाला घरापासून दूर ठेवणे त्यांना आवश्यक वाटले असले पाहिजे.

येथे 'स्वातंत्र्य' या शब्दाच्या दोन बाजू स्पष्ट होतात. किंग आल्फ्रेड स्कूल धर्मसंस्थेपासून स्वतंत्र होती, शासनापासून स्वतंत्र होती आणि संस्थापक-मुख्याध्यापकाच्या एकछत्री अमलापासूनही मुक्त होती. ती स्वतंत्र नव्हती ती पालकांपासून. समरहिलमध्ये मूल पालकांपासून मुक्त झाले, परंतु त्या शाळेचे भवितव्य एका व्यक्तीशी बांधले गेले. शाळेचे स्वातंत्र्य आणि मुलाचे स्वातंत्र्य या एकच गोष्टी नव्हेत. एकाची वाढ दुसऱ्याच्या मर्यादेवर होऊ शकते.

मर्यादा

या शाळेचे मूल्यमापन करताना तिची सामाजिक मर्यादा दुर्लक्षून चालणार नाही. पालकांवर आधारलेली शाळा ही शुल्क भरू शकणाऱ्या पालकांवर आधारलेली असते. हॅम्पस्टेडचा कलावंत, लेखक, व्यावसायिक वर्ग हा तिचा आधार होता. कामगार वस्तीतील मुलाला तेथील मोकळेपणा सहजी लाभण्यासारखा नव्हता. इ.स. १९४४ च्या कायद्याने स्वतंत्र शाळांची नोंदणी बंधनकारक केली व ती तरतूद इ.स. १९५७ मध्ये अमलात आली. पुढे इ.स. १९६५ नंतर शासकीय माध्यमिक शाळांची सर्वसमावेशक पुनर्रचना सुरू झाली तेव्हा सहशिक्षण हळूहळू सर्वसामान्य बनले. जे कधी काळी या शाळेचे वैशिष्ट्य होते ते शेजारच्या मोफत शाळेतही मिळू लागले. गणवेश नसणे, शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारणे अशा खुणा आजही तिचे वेगळेपण दाखवितात. पण सार्वजनिक परीक्षांची चौकट तिलाही स्वीकारावी लागली आहे. १ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनमधील खाजगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला. त्यामुळे मोकळ्या शिक्षणाची किंमत कोणी मोजावयाची, हा जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे.

समारोप

किंग आल्फ्रेड स्कूलच्या इतिहासातून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की शिक्षणातील सुधारणा केवळ विचाराच्या बळावर टिकत नाही. आपले मूल त्या विचाराच्या स्वाधीन करण्यास तयार असलेला समाजघटक तिच्यामागे असावा लागतो. दुसरा असा की अनिवासी शाळा प्रयोगाला मर्यादा घालते आणि त्याच वेळी त्याचा तोलही सांभाळते. मूल रोज घरी जाते, म्हणून शाळेला रोज उत्तर द्यावे लागते. असे उत्तर देत ही शाळा शंभराहून अधिक वर्षे चालली.

आपल्या संदर्भात ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. इ.स. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केली. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असेही ठरविले. परंतु समितीची ही तरतूद विनाअनुदानित शाळांना लागू नाही. म्हणजे जेथे पालक शाळेचा सर्व खर्च उचलतात तेथेच कारभारात त्यांना स्थान देण्याचे हे बंधन नाही. हॅम्पस्टेडच्या पालकांनी शुल्काबरोबर उत्तरदायित्वही पत्करले होते. पालकाला केवळ ग्राहक मानणारी शाळा शासनापासून स्वतंत्र असेल. त्या स्वातंत्र्याचा धनी कोण, हा प्रश्न मात्र तिने स्वतःला विचारलाच पाहिजे.