जानेवारी ते मार्च १९६८ : एका फेरसामन्याची टेहळणी

ज्याला इंग्रजी क्रीडाजगतात स्काउटिंग म्हणतात त्याला आपल्याकडे रुळलेला शब्द नाही. टेहळणी म्हटलं की गडाचा बुरूज डोळ्यांपुढे येतो, हेर म्हटलं की बहिर्जी नाईक. पण ‘हेरणे’ हे क्रियापद मात्र आपण रोज वापरतो. समोरचा चढाईपटू कोणत्या पायावर वळतो, बोनस घ्यायला कोणत्या कोपऱ्यात जातो, हे कबड्डीच्या मैदानाबाहेर बसलेला जाणता माणूस हेरून ठेवतोच. आज आपण जे बघणार आहोत ते याच जातीचं काम आहे. फक्त ठिकाण अमेरिकेतलं आहे, खेळ कॉलेजचा बास्केटबॉल आहे आणि साल १९६८.

दोन संघ. एक लॉस एंजेलिसचा यूसीएलए, प्रशिक्षक जॉन वुडन. दुसरा टेक्सासमधला ह्यूस्टन विद्यापीठाचा, प्रशिक्षक गाय लुईस. २० जानेवारी १९६८ च्या रात्री हे दोघे ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये भेटले. ॲस्ट्रोडोम हे मुळात छत असलेलं बेसबॉलचं अवाढव्य मैदान. त्याच्या मधोमध लाकडी कोर्ट अंथरलं होतं आणि भोवती ५२,६९३ प्रेक्षक. कॉलेजच्या बास्केटबॉलला एवढी गर्दी तोवर कोणी पाहिलेली नव्हती. सामना देशभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांवरून संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी दाखवला गेला, हेही कॉलेजच्या नियमित हंगामातल्या सामन्याच्या बाबतीत पहिल्यांदाच. यूसीएलए सलग ४७ सामने जिंकून आलेला. ह्यूस्टनने तो ७१–६९ असा हरवला.

आता एक गंमत ध्यानात ठेवा. ॲस्ट्रोडोममध्ये अंथरलेलं ते कोर्ट ह्यूस्टनचं नव्हतंच. ते लॉस एंजेलिसच्या स्पोर्ट्स अरीनातून तुकड्या-तुकड्यांनी वाहून आणलेलं होतं. आणि फेरसामना झाला तो त्याच स्पोर्ट्स अरीनात, २२ मार्चला, राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत. मधले दिवस मोजले तर ६२ भरतात. त्या दिवशी यूसीएलए १०१–६९ असा जिंकला. दोन गुणांनी हरलेला संघ बत्तीस गुणांनी जिंकतो, तर मधल्या काळात झालं काय, हा आजचा आपला प्रश्न.

याचं सोपं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते खोटं नाही. यूसीएलएचा सात फुटांहून उंच केंद्रखेळाडू ल्यू अल्सिंडर, ज्याला पुढे जग करीम अब्दुल-जब्बार म्हणून ओळखू लागलं, तो जानेवारीत अर्धवट दिसत असताना खेळला. आठच दिवस आधी कॅलिफोर्नियाविरुद्धच्या सामन्यात त्याच्या डोळ्याला बोट लागून बुबुळावर ओरखडा उठला होता. मधले दोन सामने तो खेळलाच नाही. ॲस्ट्रोडोममध्ये त्याने १८ फेकी केल्या आणि त्यांतल्या चारच आत गेल्या. बास्केटबॉल पाहणाऱ्याला हा आकडा ऐकूनच कळेल की माणूस धड नव्हता. त्यात भर म्हणजे ती जागा. प्रेक्षक कोर्टापासून लांब, बास्केटच्या मागे नुसती पोकळी. दृष्टी चांगली असलेल्याचाही अंदाज चुकावा अशी.

मार्चमध्ये डोळा बरा झाला, म्हणून सामना फिरला. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. जानेवारीत ह्यूस्टनच्या एल्विन हेसने एकट्याने ३९ गुण केले होते, त्यातले २९ पूर्वार्धातच. शेवटचे २८ सेकंद उरले असताना ६९–६९ अशी बरोबरी होती, तेव्हा दोन फ्री थ्रो टाकून सामना काढला तोही त्यानेच. मार्चमध्ये हाच हेस १० गुणांवर अडकला. त्या हंगामात सरासरी छत्तीसच्या वर गुण करणारा खेळाडू, आणि दहा! अल्सिंडरच्या डोळ्याने अल्सिंडरच्या फेकी सुधारतील, बचावातही तो जास्त चपळ होईल. हेसपर्यंत चेंडूच पोचू नये, ही व्यवस्था मात्र डोळा करत नाही. ती कोणीतरी बसून आखावी लागते.

ती आखणारा माणूस म्हणजे जेरी नॉर्मन, वुडन यांचा सहायक प्रशिक्षक. विद्यार्थी असताना तो वुडन यांच्याच हाताखाली खेळलेला. नाव फारसं ऐकलेलं नसेल. वुडन यांच्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, नॉर्मन त्यांत दोन-चार पानांपुरता येतो.

वुडन यांची एक ख्याती होती आणि ती त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. प्रतिस्पर्ध्याची टेहळणी ते इतरांच्या मानाने कमी करत. सराव मिनिटा-मिनिटाचा आखून लहानशा कार्डांवर लिहून न्यायचे आणि भर असायचा तो आपला खेळ घोटून घेण्यावर. समोर कोण आहे याची चिंता करत बसण्यापेक्षा त्याला आपली चिंता करू दे, असा एकंदर विचार. शाळेत गणित घोटून घेणारे जुने मास्तर असतात ना, त्या वळणाचा माणूस. अशा मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली जो सहायक ‘समोरच्याचा विचार करू या’ म्हणतो, त्याचं काम दुप्पट अवघड. आधी प्रतिस्पर्धी समजून घ्यायचा, मग आपल्याच साहेबांना पटवायचं.

नॉर्मनने हे आधी एकदा करून दाखवलं होतं. १९६३–६४ च्या हंगामात यूसीएलएच्या पहिल्या पाचांत साडेसहा फुटांचासुद्धा कोणी नव्हता. तेव्हा संपूर्ण कोर्टभर दबाव टाकणारा २–२–१ असा झोन प्रेस वापरावा, हा आग्रह त्याचा होता. त्या वर्षी संघ ३० सामने खेळला, तीसही जिंकला आणि वुडन यांना पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं.

त्या काळची टेहळणी कशी चाले, हेही थोडं समजून घ्यायला हवं, कारण आज मोबाईलवर प्रत्येक सामन्याचा प्रत्येक तुकडा मिळतो. तेव्हा सहायक प्रशिक्षक तिकीट काढून दुसऱ्यांच्या सामन्याला जाऊन बसायचा. मांडीवर कागद, कागदावर कोर्टाचा आराखडा. फेक कुठून झाली, आत गेली की बाहेर, हे पेन्सिलीने फुली-गोळा करून टिपायचं. चेंडू कोणाकडून कोणाकडे जातो, डाव अडला की कोणाकडे बघतात, दमल्यावर कोण आळस करतो, हे शब्दांत लिहून ठेवायचं. जोडीला सोळा मिलिमीटरच्या फिल्मचे डबे. काम कंटाळवाणं, पण चांगल्या टिपणाची किंमत मोठी. हेसला ४० गुण करताना पाहणारे पन्नास हजार असतात, चेंडू त्याला *कुठे* मिळाला म्हणजे ४० होतात हे लिहून ठेवणारा एखादाच.

नॉर्मनने जे हेरलं ते थोडक्यात असं. ह्यूस्टनचा सगळा डाव हेसभोवती फिरतो. बास्केटजवळ, थोडा बाजूला, तो पाठमोरा उभा राहतो. तिथे चेंडू मिळाला की वळून उडी मारत फेकतो, आणि ती फेक अडवणं कोणाच्या बापाच्याने होत नाही. म्हणजे फेक अडवण्याच्या नादी लागायचंच नाही. चेंडू तिथवर येण्याचा रस्ता बंद करायचा. आणि बाकीचे चार? त्यांना लांबून फेकू द्यायचं. इथे जुना नियम मदतीला येतो. कॉलेजच्या खेळात तीन गुणांची रेषा तेव्हा नव्हती, ती सार्वत्रिक झाली १९८६–८७ च्या हंगामापासून. त्यामुळे लांबून पडलेली फेकही दोनच गुणांची. बाहेरची मोकळीक देणं आजच्याइतकं महाग नव्हतं. शिवाय ह्यूस्टनचा जॉर्ज रेनॉल्ड्स हा चेंडू सांभाळणारा गार्ड स्पर्धेआधी शैक्षणिक पात्रतेच्या कारणावरून बाद ठरला होता. आत चेंडू पोचवणारा हातच गेला.

यातून जी रचना निघाली तिला डायमंड-अँड-वन म्हणतात. चौकटच्या पानावरचं चिन्ह आठवा. वरच्या टोकाला माइक वॉरन, दोन्ही बाजूंना ल्युशियस ॲलन आणि माइक लिन, खालच्या टोकाला, थेट बास्केटपाशी, अल्सिंडर. हे चौघे माणूस पकडत नाहीत, जागा राखतात. पाचवा लिन शॅकेलफर्ड. तो जागा राखत नाही, फक्त हेसला धरतो. आपल्याकडे सासरी गेलेल्या मुलीबरोबर पाठराखीण जायची, तसा हा चाळीस मिनिटांचा पाठराखा, आणि उभा मात्र पुढ्यात. हेस आणि चेंडू यांच्यामध्ये. चेंडू शॅकेलफर्डच्या डोक्यावरून टाकला, तर मागे अल्सिंडर आहेच, आणि आता त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसतंय.

गंमत बघा, शॅकेलफर्ड हा काही बचावासाठी नावाजलेला नव्हता. कोपऱ्यातून डावखुऱ्या फेकी टाकणारा खेळाडू, हेसपेक्षा उंचीने कमी. जानेवारीत हेसला रोखायची पहिली जबाबदारी एडगर लेसीवर होती. जमलं नाही, वुडन यांनी त्याला पूर्वार्धातच बाहेर बसवलं आणि पुन्हा आत घेतलं नाही. त्यानंतर त्याने संघच सोडला. विजयाच्या गोष्टीत हा माणूस गाळला जातो, आणि आम्हाला ते खटकतं. लेसीला जे काम दिलं होतं ते होतं हेसला बहुतांशी एकट्याने रोखण्याचं. मार्चमध्ये तेच काम शॅकेलफर्डला मिळालं तेव्हा त्याच्या मागे सात फुटी भिंत होती आणि दोन्ही बाजूंना मदतनीस. टेहळणीने जर काही सिद्ध केलं असेल तर हे, की जानेवारीतली चूक एका खेळाडूची नव्हती, मांडणीची होती. पण हे कळेपर्यंत लेसी निघून गेला होता.

मधल्या दिवसांत आणखीही काही पेटत होतं. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर अल्सिंडरच्या डोक्यावरून चेंडू टाकणारा हेस छापला गेला. अल्सिंडरने ते मुखपृष्ठ आपल्या कपाटाला लावून ठेवलं. रोज कपडे बदलताना दिसेल असं. आदल्या वर्षीही या दोन संघांची उपांत्य फेरीत गाठ पडली होती, तेव्हा यूसीएलए ७३–५८ असा जिंकला होता, आणि हेसने नंतर अल्सिंडरच्या बचावावर जाहीर टीका केली होती. म्हणजे जानेवारीचा सामनाच खरं तर ह्यूस्टनचा सूड होता, आणि मार्च हा सुडाचा सूड. ह्यूस्टनची बाजूही नीट बघायला हवी. हेस लुइझियानातल्या रेव्हिल या छोट्या गावचा. तो आणि डॉन चेनी १९६४ मध्ये ह्यूस्टनच्या बास्केटबॉल संघात आले तेव्हा ते तिथले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होते. चार वर्षांत तोच संघ देशात पहिल्या क्रमांकावर, ३१ सामन्यांत एकही पराभव नाही. गमावण्यासारखं त्यांच्याकडेही पुष्कळ होतं.

प्रत्यक्ष सामन्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तो लवकरच संपला. मध्यंतराला ५३–३१. उत्तरार्धात एका क्षणी अंतर ४४ गुणांवर गेलं. हेसला अख्ख्या सामन्यात दहाच फेकी मिळाल्या, तीन पडल्या. जानेवारीत त्याने २५ फेकी केल्या होत्या आणि १७ टाकल्या होत्या. आमच्या मते त्या रात्रीचा सगळ्यात बोलका आकडा तीन नव्हे, दहा आहे. नेम कोणाचाही बिघडू शकतो. पण पंचवीसच्या दहा फेकी होतात तेव्हा कोणीतरी चेंडूचा रस्ता अडवलेला असतो. दुसऱ्या टोकाला अल्सिंडर, ॲलन आणि लिन यांनी प्रत्येकी १९ गुण केले. म्हणजे भार एकावर नव्हता. लेसीच्या जाण्याने ज्याच्या वाट्याला जास्त खेळ आला तो लिनही त्यात होता.

मग श्रेय कोणाला द्यायचं? आमचं मत असं आहे : नुसता डोळा बरा झाला असता तरी यूसीएलए बहुधा जिंकला असता, घरचं मैदान होतं, रेनॉल्ड्स नव्हता. बत्तीस गुणांनी मात्र जिंकला नसता. या बत्तीसमधले किती नॉर्मनच्या पेन्सिलीचे, याची वाटणी कोणी करून देणार नाही. एवढं मात्र खरं, की ती रचना वुडन यांनी मान्य केली, सरावात उतरवली आणि निर्णयाची जोखीम स्वतःच्या नावावर घेतली. फसली असती तर नॉर्मनला कोणी विचारलं नसतं, साहेबांनाच विचारलं असतं. सहायकाचं श्रेय मोजताना ही बाजूही धरावी लागते.

दुसऱ्याच दिवशी अंतिम सामन्यात यूसीएलएने नॉर्थ कॅरोलायनाला ७८–५५ असं हरवलं. अल्सिंडरने ३४ गुण केले. ह्यूस्टन तिसऱ्या क्रमांकाची लढतही हरला, ओहायो स्टेटकडून. हेस त्या वर्षी व्यावसायिक निवडीत पहिल्या क्रमांकाने गेला आणि पुढे वर्षानुवर्षं अल्सिंडरसमोर उभा राहिला. चौकटच्या वरच्या टोकाला उभा असलेला माइक वॉरन नट झाला, ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ या मालिकेत तो पोलिसाच्या भूमिकेत दिसतो. वुडन यांनी १९७५ पर्यंत दहा विजेतेपदं मिळवली. आणि जेरी नॉर्मनने त्याच हंगामानंतर प्रशिक्षकपद सोडलं आणि तो शेअर दलाल झाला.

चला, वेळ होत आली. प्रश्न असतील तर घेऊ.